मालदीव : तीन वर्षांचं मूल आणि ज्येष्ठ सोबत, पाण्यावरचा व्हिला घ्यावा का?

समुद्रफेस
दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मुंबईहून चार रात्री. माणसं पाच: आम्ही दोघं, सासू-सासरे (सासऱ्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय) आणि तीन वर्षांची मुलगी. दोन बेडरूमचा, स्वतंत्र पूल असलेला व्हिला, भाव ९०० डॉलर++ एका रात्रीचा. पाण्यावरचा आणि किनाऱ्यावरचा दोन्ही एकाच भावात मिळतायत. कोणता घ्यावा? आणि ++ मुळे शेवटी आकडा किती होतो? विमान मालेला दुपारी ३.५० ला उतरतं.

खडपा
किनाऱ्यावरचा. तुमच्या मंडळींकडे बघता यात दुसरा विचारच नको.

पाण्यावरच्या व्हिलाच्या डेकला बऱ्याच ठिकाणी कठडाच नसतो, कारण कठडा आला की फोटो बिघडतो. डेकवरून खाली समुद्रात शिडी जाते. तिच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे धडधाकट माणसाचाही पाय सरकतो. म्हणून अनेक रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना हे व्हिले देतच नाहीत, किंवा जबाबदारी आपली असं लिहून घेतात. बुकिंगआधी वयाची अट ईमेलवर विचारा. फोनवरचं 'चालेल हो' चेक-इनच्या वेळी कुणाला आठवत नाही.

गुडघ्यांचं म्हणाल तर, व्हिलापासून जेवणघरापर्यंत लाकडी जेट्टी कधी कधी अर्धा किलोमीटर असते. बग्गी असते, पण नाश्त्याच्या वेळी सगळे एकदमच बोलावतात.

किनाऱ्यावर घेतलात तरी चार गोष्टी लेखी मागा: पूलची खोली (बहुतेक १.२ मीटरच्या आसपास असते, म्हणजे मुलीच्या डोक्यावरून पाणी), पूलभोवती तात्पुरतं कुंपण लावून देतात का, बेडरूमच्या सरकत्या दाराला वर कडी आहे का, आणि बाथरूम उघड्यावर आहे का. उघड्या बाथरूमची फरशी पाऊस पडला की निसरडी होते. त्यात दोन बेडरूम कधी एका छपराखाली असतात, कधी मधे अंगण असतं. नकाशा मागवाच.

हिशेबी
++ म्हणजे सर्व्हिस चार्ज आणि कर. सर्व्हिस चार्ज १०%. त्यावर पर्यटन जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७% आहे. नुसती बेरीज करून २७% धरू नका, कर सर्व्हिस चार्जसकटच्या रकमेवर बसतो.

९०० + ९० = ९९०. त्यावर १७% म्हणजे १६८.३०. झाले ११५८.३०. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर (जानेवारी २०२५ पूर्वी ६ होता). दोन वर्षांखालच्या बाळाला माफ आहे, तुमच्या मुलीला नाही. म्हणून ५ × १२ = ६०. एका रात्रीचे १२१८.३० आणि चार रात्रींचे ४८७३.२० डॉलर. जेवण आणि ट्रान्सफर (विमानतळ ते रिसॉर्ट ने-आण) वेगळं.

जुने ब्लॉग वाचून १६% आणि ६ डॉलर धरणारे चेक-आउटला काउंटरवर वाद घालतात. उपयोग नसतो, तो सरकारी कर आहे.

कोटेशनमध्ये पाचही माणसं नावानिशी घालून घ्या. 'दोन बेडरूम' असलं तरी भाव पुष्कळदा चार जणांचाच असतो आणि जादा पलंगाचे पैसे मागाहून लागतात.

लाल_डबा
ट्रान्सफरवर येतो, कारण गाडी तिथेच अडेल.

सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त उजेडात उडतं. मालेहून शेवटची उड्डाणं साधारण साडेतीन-चारची. तुमचं विमान ३.५० ला उतरून इमिग्रेशन, सामान होईतो पाच वाजतील. म्हणजे ती रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर हॉटेलात, तुमच्या खर्चाने, आणि व्हिलाची रात्र वाया. वरून जाऊन-येऊन माणशी ४०० ते ६०० डॉलर. सामान २० किलो आणि हातातलं ५. वर गेलं की किलोमागे पैसे. चढउतार हलत्या तरंगत्या फलाटावरून, अरुंद शिडीने. सासऱ्यांसाठी नकोच.

उत्तर किंवा दक्षिण माले अटॉलमधलं (मालेजवळच्या प्रवाळबेटांच्या कड्यातलं) रिसॉर्ट निवडा. स्पीडबोट १५ मिनिटं ते तासाभरात पोचवते आणि रात्रीही चालते. बोटीत मागच्या बाजूला बसवा, पुढे आदळआपट जास्त.

इमुगाचा फॉर्म (मालदीव सरकारचं ऑनलाइन प्रवासी घोषणापत्र) पोचण्याआधीच्या ९६ तासांत, प्रत्येकाचा वेगळा, मुलीचाही. निघताना पुन्हा. फॉर्म फुकट आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही. ड्यूटी फ्रीची दारूची बाटली कस्टम्सवर काढून घेतात, परतताना पावतीवर मिळते.

समुद्रफेस
धन्यवाद, स्पीडबोट आणि किनारा नक्की. आता पूर्वेचा व्हिला की पश्चिमेचा?

खडपा
मे ते ऑक्टोबर वारा नैऋत्येचा, तेव्हा पश्चिम किनारा खवळलेला. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा, तेव्हा पूर्वेला वारा. नोव्हेंबर मधला महिना, वारा कुठूनही येतो, त्यामुळे वाऱ्यापेक्षा उन्हाचं बघा. पश्चिमेच्या 'सनसेट' व्हिलाचे जादा पैसे घेतात आणि दुपारी दोननंतर पूलवर उन्हाचा चटका थेट. लहान मूल दुपारी झोपून उठलं की त्याच वेळी पाण्यात जायला मागतं. पूर्वेला तोपर्यंत व्हिलाची सावली पूलवर आलेली असते. सूर्यास्त बघायला बेट ओलांडून चालत जाता येतं, बेटं केवढीशी असतात!

लाल_डबा
एक राहिलं. मालेचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, पण काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. परतीच्या बोटीची वेळ 'बेटाची की मालेची' हे विचारूनच लिहून घ्या.