एकट्यानेच सगळी वाद्यं वाजवून केलेलं कव्हर: त्यात संगीत किती आणि कसरत किती?

अनुनाद

आवडतं गाणं निवडायचं, त्यातले ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड आणि शेवटी आवाज, सगळं एकट्याने एकामागून एक वाजवून घरच्या खोलीतच रेकॉर्ड करायचं. दुसऱ्याचं गाणं असं स्वतः वाजवणं म्हणजे कव्हर. हा प्रकार आता भरपूर ऐकायला मिळतो आणि त्यावर ठरलेला आक्षेप येतो: मूळ गाणं आहेच की, मग ही नक्कल कशाला? मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. एखादं गाणं ऐकण्याची याहून खोल रीत मला माहीत नाही.

नुसतं ऐकताना कान गायकाच्या मागे जातो. बेस वाजवायला घेतला की लक्षात येतं, दुसऱ्या कडव्यात एका ओळीला बेसवाला चक्क थांबलाय आणि म्हणूनच ती ओळ उठते. आपला हात तिथे रिकामा राहतो तेव्हा हे कळतं.

बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारचं उदाहरण घ्या. माणूस डावखुरा, पण ड्रम किट उजव्या हाताच्या वादकासारखं मांडलेलं. त्यामुळे त्याचे बरेच फिल, म्हणजे दोन ओळींमधली जागा भरणारे ड्रमचे छोटे तुकडे, डाव्या हाताने सुरू होतात. उजव्या हाताचा वादक तेच ठोके वाजवायला गेला की हात एकमेकांत अडकतात. ठोके लिहून काढले तर सगळे बरोबर दिसतील, पण एका टॉमवरून (किटमधल्या एका ड्रमवरून) दुसऱ्यावर जाताना लागणारा तो किंचित जास्तीचा वेळ कागदावर उतरत नाही. डाव्या हाताने सुरुवात करून पाहिली की ती ओढ कुठून आली ते उमगतं. तसंच बेसवादक जेम्स जेमरसनचं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी रेकॉर्डवरचा त्याचा बेस उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवलेला आहे. तोच तुकडा दोन बोटांनी वाजवा, सूर तेच राहतील, वजन बदलेल.

आणि हे काही इंटरनेटने आणलेलं खूळ नाही. जॅझवादक सिडनी बेशेने १९४१ साली क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बेस आणि ड्रम अशी सहा वाद्यं एकट्याने एकावर एक चढवून रेकॉर्ड केली होती. तेव्हा टेप नव्हती. आधीची तबकडी वाजवायची आणि तिच्यासोबत वाजवून नवी तबकडी कापायची. त्यात निवडलेलं एक गाणं वीस वर्षं जुनं, दुसऱ्याचं होतं. म्हणजे कव्हरच.

तुमची मतं येऊ द्या. विरोधी असतील तर जास्तच.

खर्ज

असहमत, आणि अगदी ठामपणे.

मी बेस वाजवतो, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. बेसवाल्याचं निम्मं काम ऐकणं असतं. ड्रमरचा पाय आज किंचित मागे पडतोय, मग मी पुढे राहायचं की त्याच्यासोबत मागे जायचं, हे त्या क्षणी ठरतं. मी मागे गेलो की तो ते ऐकतो आणि आणखी सैल होतो. ही देवाणघेवाण म्हणजे गाणं. एकट्याने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम आधीच वाजून झालेले असतात. तुम्ही त्यांचं ऐकता, ते तुमचं ऐकत नाहीत. स्वतःशीच बुद्धिबळ खेळण्यातला प्रकार आहे हा, समोरच्याची चाल तुम्हाला आधीच ठाऊक असते.

दुसरी गोष्ट. प्रत्येकाच्या हाताला खोड असते. कोणी धृपद जवळ आलं की पळतो, कोणी प्रत्येक फिलनंतर अर्धा श्वास उशिरा येतो. बँडमध्ये चौघांच्या चार खोडी एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणातून लय जिवंत होते. एकट्याच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळी वाद्यं एकाच ठिकाणी पळतात, एकाच ठिकाणी रेंगाळतात. ऐकायला घट्ट वाटतं, पण अरुंद.

बेशेचं उदाहरण तुम्ही दिलंत खरं, पण तो तेव्हा इतर वादकांसोबत वर्षानुवर्षं वाजवून तयार झालेला माणूस होता. आज बरेच जण थेट खोलीतून सुरुवात करतात आणि तिथेच राहतात. माझी काळजी ती आहे.

कोमल निषाद

खर्ज, तुमचा पहिला मुद्दा मान्य. दुसरा नाही.

‘एकाच हाताची खोड’ हा दोष असेल, तर अमेरिकन गायक-वादक स्टीव्ही वंडरच्या १९७२च्या रेकॉर्डिंगचं काय करायचं? ‘सुपरस्टिशन’ या त्याच्या गाण्यातले ड्रम त्याचेच, क्लॅव्हिनेट (विजेवरचं एक कीबोर्ड वाद्य) त्याचंच, मूग सिंथेसायझरवरचा बेसही त्याचाच. फुंकवाद्यं तेवढी इतरांची. त्यातलं हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी, नीट ऐका. सारखं बदलत राहतं, कधी उघडतं, कधी झोल घेतं. धंदेवाईक ड्रमरने ते कदाचित ‘साफ’ केलं असतं. इथे ड्रम वाजवणाऱ्याला क्लॅव्हिनेट पुढे काय करणार आहे हे ठाऊक आहे, म्हणून तो नेमकी तेवढी जागा ठेवून वाजवतो. तुम्ही ज्याला अरुंद म्हणता, त्यालाच मी एकजीव म्हणेन.

फरक इतकाच, की त्याचा हात त्या तोडीचा होता. एकट्याने वाजवणं हा गुन्हा नाही. एक वाद्य येतं आणि बाकीची जेमतेम, तरी सगळी वाजवायचा हट्ट, हा त्रासदायक भाग आहे.

खर्ज

ते स्वतःचं गाणं होतं! त्याच्या डोक्यात सगळे भाग एकत्रच जन्मले असतील. इथे विषय कव्हरचा आहे. चार वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना ऐकत जे केलं, ते एकाने उतरवून काढायचं. चौघांतला संवाद एकाने चार आवाज काढून बोलला, तर शब्द सगळे येतील, पण कोणी कोणाला उत्तर देत नसेल.

मुखडा

मी गाते, वाद्यांतलं कमी कळतं. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही: क्लिक.

घरी एकट्याने करायचं म्हटलं की बहुतेक जण मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या गतीत टकटक करणारी ही क्लिक, लावून सुरुवात करतात. जुन्या रेकॉर्डिंगना मेट्रोनोम नव्हता. धृपदाला लय थोडी चढते, कडव्याला उतरते, शेवटी शेवटी गाणं सुरुवातीपेक्षा पुढे गेलेलं असतं. तेच गाणं एका ठरलेल्या गतीत बसवलं की गाताना माझा श्वास चुकीच्या जागी संपतो. मूळ गायिका जिथे लांबवते तिथे मला लांबवता येत नाही, कारण पुढचा ठोका वाट बघत नाही. मला बऱ्याच घरगुती कव्हरमध्ये हेच खटकतं. वाजवलेलं बरोबर, सूर बरोबर, आणि गाणं मात्र उभं आहे तिथेच उभं.

अनुनाद

मुखडा, अगदी बरोबर पकडलंत. पण याला उपाय आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

मूळ रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं आणि प्रत्येक मात्रेवर हाताने खूण करत जायचं. त्यातून गाण्याचा लयीचा नकाशा तयार होतो आणि क्लिक त्या नकाशाप्रमाणे पुढेमागे होते. काम कंटाळवाणं आहे, पण त्यात दिसतं की ड्रमर नेमका कुठे सुटला आणि बाकीचे त्याच्यामागे कसे गेले. दुसरा मार्ग म्हणजे क्लिक पूर्ण बंद ठेवायची, आधी गिटारवर कच्चं गाऊन घ्यायचं आणि त्या गाण्याच्या श्वासावर ड्रम वाजवायचे. मग खरा आवाज रेकॉर्ड झाला की ड्रम पुन्हा वाजवायचे.

सुराचंही तसंच. काही जुन्या गाण्यांत टेपची गती मुद्दाम किंवा नकळत बदललेली असते आणि गाणं दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसतं. सगळी वाद्यं तेवढ्या फरकाने लावून घ्यायला बरेच जण कंटाळतात. लावून घेतली की रंगच बदलतो.

खर्ज, संवादाबद्दल. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या कितीतरी रेकॉर्डवर वादक एकमेकांना भेटलेलेही नसतात. ताल आधी, गिटार नंतर, फुंकवाद्यं आणखी कधीतरी, आवाज सगळ्यांत शेवटी. आपण ज्याला चौघांचा संवाद म्हणून ऐकतो, तो बऱ्याचदा असाच एकावर एक चढवलेला असतो.

खर्ज

वादक वेगवेगळ्या दिवशी आले तरी माणसं वेगळी होती. गिटारवाला आला तेव्हा त्याने परक्याचे ड्रम ऐकले आणि स्वतःच्या स्वभावाने उत्तर दिलं. शिवाय निदान ड्रम आणि बेस तरी बऱ्याचदा एकत्र वाजवून घेतले जात. तुमच्या पद्धतीत परका कुणीच नाही.

सुषिर

मी बासरी वाजवतो, घरी रेकॉर्डिंगही करतो. चर्चा फार वरच्या पातळीवर चालली आहे, मला जरा जमिनीवरचं बोलायचंय. ‘जीव नाही’ असं ज्याला म्हणतात, त्यातलं बरंचसं रेकॉर्डिंगच्या पद्धतीचं असतं, वादनाचं नसतं.

एक: सगळी वाद्यं एकाच माइकने, एकाच जागी, तोंडाशी धरून घेतलेली असतात. खूप जवळच्या माइकने खर्ज, म्हणजे आवाजातला खालचा जाड भाग, फुगतो. प्रत्येक वाद्याचा खर्ज असा फुगलेला असला की सगळी वाद्यं एकत्र मिसळताना, मिक्समध्ये, चिखल होतो. आणि खोलीचा एकच घुमारा सगळ्यांवर बसतो, म्हणून सगळे एकाच खुर्चीत बसल्यासारखे ऐकू येतात. बासरी माइकपासून हातभर लांब, थोडी तिरकी धरा. फुंकेचा फुसफुसाट जातो आणि तिला स्वतःची जागा मिळते. ड्रमला वरून दोन माइक लावत असाल तर दोन्ही स्नेअरपासून (किटमधल्या कडक आवाजाच्या मुख्य ड्रमपासून) सारख्याच अंतरावर दोरीने मोजून लावा, नाहीतर स्नेअर पोकळ येतो. दोष मात्र हाताला लागतो.

दोन: हेडफोनमधली दिरंगाई. संगणक आवाजाचे बारीक तुकडे (सँपल) करतो आणि काही तुकडे बफरमध्ये साठवून मगच पुढे पाठवतो. बफर २५६ सँपलचा असेल आणि सँपलिंग ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४४,१०० तुकडे, तर आवाज फक्त आत जातानाच जवळजवळ ६ मिलिसेकंद जातात. जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, वर थोडी भर. आपलाच सूर इतक्या उशिरा कानावर आला की हात नकळत मागे ओढला जातो. मग माणूस समजतो आपली लय कच्ची. माइक संगणकाला जोडणाऱ्या डबीवरून, इंटरफेसवरून, थेट ऐकायची सोय असते, ती वापरा.

तीन: सॉफ्टवेअरमध्ये सगळे ठोके रेषेवर ओढून बसवणं. हे कृपया करू नका. रिंगोची ती ओढ शिकण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि शेवटी एका कळीने ती पुसून टाकायची?

दादरा

माझा आक्षेप वेगळाच आहे. एवढी वाद्यं येतात, एवढी मेहनत घेता, तर स्वतःचं काहीतरी करा ना. दुसऱ्याचं गाणं कितीही हुबेहूब केलं तरी ते दुसऱ्याचंच राहतं. आणि हक्कांचं काय? गाणं कुणाच्या तरी मालकीचं असतं.

कोमल निषाद

हक्कांचं थोडक्यात. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द-चालीचा, दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा. स्वतः वाजवलं की दुसऱ्याला हात लागत नाही, पहिला उरतोच. नुसत्या ध्वनीच्या कव्हरसाठी काही देशांत ठरावीक मोबदला देऊन परवाना मिळण्याची सोय कायद्यातच आहे, अमेरिकेत ती १९०९पासून आहे. व्हिडिओला ती लागू होत नाही, तिथे चालीच्या मालकाची वेगळी परवानगी लागते. ‘श्रेय दिलंय’ म्हणजे परवानगी नव्हे. हे प्रत्येकाने आधी तपासावं, यात वाद नाही.

‘स्वतःचं करा’ हे मात्र पटत नाही. बाखने १७१३-१४च्या सुमारास विवाल्डीच्या कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी उतरवल्या. तंतुवाद्यांच्या अख्ख्या ताफ्यासाठी लिहिलेलं दोन हात आणि पायांवर आणलं. त्याला स्वतःचं सुचत नव्हतं असं कोण म्हणेल? दुसऱ्याची रचना आतून कशी उभी आहे, हे हात घातल्याशिवाय कळत नाही.

दादरा

बाखने हुबेहूब नक्कल केली नाही. वाद्य बदललं, म्हणून निर्णय घ्यावे लागले. मला तेच म्हणायचंय! कव्हर करा, पण काहीतरी बदला. मूळ गाण्यातला गिटारचा तुकडा बासरीवर आणा, ड्रमऐवजी तबला घ्या आणि मग ठेका कुठे मोडतो ते बघा. तिथे तुमचा विचार दिसेल. ठोक्याला ठोका जुळवून दाखवण्यात मला तुम्ही दिसतच नाही.

अनुनाद

दादरा, मला दोन्ही हवंय, पण क्रम उलटा करता येणार नाही. हुबेहूब वाजवण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाल्याशिवाय काय बदलायचं हे ठरवणार कशावरून? जेमरसनचा तुकडा एका बोटाने नीट वाजवता आला, की तो दोन बोटांनी वाजवायचा निर्णय हा निर्णय ठरतो. त्याआधी ती फक्त सवय असते. त्यामुळे हुबेहूब केलेलं कव्हर ऐकताना मला वाजवणारा दिसतो. त्याने कुठे कान दिला आणि कुठे सोडून दिलं, हे पहिल्या कडव्यातच कळतं.

सुषिर, दिरंगाईचा मुद्दा लाखमोलाचा. ड्रमच्या माइकचं अंतर दोरीने मोजायचं तेही.

खर्ज, परका कुणीच नाही, हे मी मान्य करत नाही. मूळ बेसवाला, मूळ ड्रमर हेच परके. त्यांच्या स्वभावाशी जुळवून घेतानाच सगळा वेळ जातो.

खर्ज

ते तुम्हाला उत्तर देत नाहीत, माझा मुद्दा तिथेच आहे. तुम्ही त्यांच्याकडून शिकता हे कबूल, आणि ते शिकणं मोठं आहे हेही कबूल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मीसुद्धा जुने तुकडे उतरवायला लावतो. पण चुकीच्या जागी थांबलात तर तुमचा रेकॉर्ड केलेला ड्रमर तुमच्यासाठी थांबणार नाही. खोलीत बसलेला ड्रमर थांबतो, किंवा मुद्दाम थांबत नाही आणि तुम्हाला ओढून नेतो. हा अनुभव ज्याला नाही, त्याच्या कव्हरमध्ये फिलनंतरचा पहिला ठोका नेहमी सुरक्षित पडतो. मी तोच ठोका ऐकतो आणि बाकीचं गाणं मग ऐकायचं की नाही ते ठरवतो.

मुखडा

खर्ज, मग एक करा. अनुनाद यांनी त्यांच्या एखाद्या कव्हरमधला बेस काढून बाकीचे ट्रॅक तुम्हाला पाठवावेत आणि तुम्ही त्यावर वाजवावं. मग तेच ड्रम अनुनाद यांनी तुमचा बेस ऐकत पुन्हा वाजवावेत. मला फरक ऐकायचाय, आणि गायला मी तयार आहे. फक्त क्लिक नको.

खर्ज

चालेल. पण ड्रम आधी पुन्हा वाजवायचे, आवाज त्यानंतर. गाणारीला ओढून नेणारं कुणीतरी हवं.

मुखडा

मुळीच नाही. आवाज आधी.