मदत हवी आहे: मॅग्नेटाइट इनव्हर्स आणि हॉसमनाइट नॉर्मल, असं का?

अपडाउनवाली

टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्री, नाशिक. सिन्नरहून रोज ये-जा करते, एसटी चुकवून सरांना गाठायला थांबता येत नाही, म्हणून इथे विचारते. स्पिनेलवर (दर चार ऑक्सिजनमागे एक टू प्लस आणि दोन थ्री प्लस धातू-आयन असलेली ऑक्साइडं; मॅग्नेटाइट लोखंडाचं, हॉसमनाइट मँगनीजचं) प्रश्न हमखास येतो आणि माझं घोडं तिथेच अडलंय. फोनवरून फॉर्म्युले नीट पडत नाहीत, त्यामुळे नावंच लिहिते.

कळलेलं आधी सांगते. ऑक्साइड आयन सीसीपीत (क्यूबिक क्लोज पॅकिंग, गोळे घट्ट रचल्यासारखे). एका युनिट सेलमध्ये ३२ ऑक्सिजन, म्हणून ३२ ऑक्टाहेड्रल (सहा ऑक्सिजनांमधल्या) आणि ६४ टेट्राहेड्रल (चारांमधल्या) पोकळ्या. भरतात त्यातल्या १६ ऑक्टाहेड्रल आणि ८ टेट्राहेड्रल. नॉर्मलमध्ये टू प्लस आयन टेट्राहेड्रलला, थ्री प्लस ऑक्टाहेड्रलला. इनव्हर्समध्ये टू प्लस ऑक्टाहेड्रलला येतो आणि निम्मे थ्री प्लस टेट्राहेड्रलला जातात.

आता घोळ. एका नोट्समध्ये लिहिलंय, लहान आयन टेट्राहेड्रलमध्ये बसतो. मग मॅग्नेशियमवाल्या मूळ स्पिनेलमध्ये ॲल्युमिनियम लहान असूनही ऑक्टाहेड्रलमध्ये कसा? दुसऱ्या नोट्समध्ये, जास्त चार्जवाला ऑक्टाहेड्रलमध्ये. हे स्पिनेलला चालतं, हॉसमनाइटला चालतं, मॅग्नेटाइटला आपटतं. लोखंड आणि मँगनीज शेजारी-शेजारी, दोन्हीकडे तीन धातू आणि चार ऑक्सिजन, चार्जही तेच. परीक्षेत कोणता नियम लिहायचा?

आणि कोबाल्टचं तसलंच ऑक्साइड नॉर्मल आहे, कारण थ्री प्लस कोबाल्ट लो स्पिन (डी इलेक्ट्रॉन जोड्या करून बसलेले; सुटे राहिले तर हाय स्पिन), असं वाचलं. ऑक्साइड तर वीक फील्ड लिगंड ना?

गोदाकाठी

दोन्ही नियम बाजूला ठेव आणि दोन्ही मांडण्यांचा सीएफएसई (क्रिस्टल फील्ड स्टॅबिलायझेशन एनर्जी, डी इलेक्ट्रॉनांमुळे आयनाला मिळणारी जादा स्थिरता) काढून वजाबाकी कर. नुसता ऑक्टाहेड्रलचा आकडा बघून काही ठरत नाही, तोच आयन टेट्राहेड्रलमध्ये गेला तर किती तोटा होतो ते बघायचं. डेल्टा म्हणजे डी ऑर्बिटलच्या दोन पातळ्यांमधलं अंतर; टेट्राहेड्रलचा डेल्टा-टी हा ऑक्टाहेड्रलच्या डेल्टा-ओच्या ४/९ धर.

मॅग्नेटाइट: फेरिक (थ्री प्लस लोखंड) डी-५, म्हणजे पाच डी इलेक्ट्रॉन, हाय स्पिन, कुठेही बसव, शून्य. म्हणजे त्याला काही पडलेलीच नाही. फेरस (टू प्लस लोखंड) डी-६ हाय स्पिन: ऑक्टाहेड्रलमध्ये −०.४ डेल्टा-ओ, टेट्राहेड्रलमध्ये −०.६ डेल्टा-टी, म्हणजे साधारण −०.२७ डेल्टा-ओ. नॉर्मल मांडली तर एकूण −०.२७, इनव्हर्स मांडली तर −०.४. इनव्हर्स ०.१३ ने पुढे.

हॉसमनाइटमध्ये पारडं फिरतं. इथे टू प्लस मँगनीज डी-५, तो शून्य. थ्री प्लस डी-४: ऑक्टाहेड्रलमध्ये −०.६, टेट्राहेड्रलमध्ये −०.४ डेल्टा-टी, म्हणजे −०.१८. नॉर्मलमध्ये दोघे ऑक्टाहेड्रलला, एकूण −१.२. इनव्हर्समध्ये एक इकडे एक तिकडे, −०.७८. नॉर्मल ०.४२ ने पुढे.

चार्ज तेच असले तरी डी-५ कोण, ते बदललंय. लोखंडात थ्री प्लस, मँगनीजमध्ये टू प्लस. तुझ्या प्रश्नाची मेख एवढीच.

कोबाल्ट: स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज लिगंडची असते, डेल्टा मात्र धातूवरही ठरतो. चार्ज वाढला की डेल्टा वाढतो. पाणीही काही मोठं स्ट्राँग फील्ड नाही, तरी सहा पाण्यांबरोबर थ्री प्लस कोबाल्ट लो स्पिनच असतो. सहा फ्लोराइड असतील तर हाय स्पिन. कोबाल्टच्या ऑक्साइडमध्ये थ्री प्लस लो स्पिन डी-६, प्रत्येकी −२.४ डेल्टा-ओ (पेअरिंगचा खर्च वेगळा). एवढा फायदा सोडून तो टेट्राहेड्रलला कशाला जाईल?

डी_ऑर्बिटल

वरचं गणित बरोबर, पण सगळं श्रेय सीएफएसईला देऊ नका. झिंक फेराइट (टू प्लस झिंक आणि फेरिकचं स्पिनेल) घ्या. झिंक डी-१०, फेरिक डी-५, दोन्हीकडे शून्य. वजाबाकी काहीच सांगत नाही, तरी ते नॉर्मल आहे, कारण झिंकला चार शेजाऱ्यांशी कोव्हॅलंट बंध आवडतात. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियममध्ये तर डी इलेक्ट्रॉनच नाहीत. तिथे थ्री प्लस आयनाला चाराऐवजी सहा ऑक्साइड मिळणं एकूण आकर्षणाच्या हिशोबात परवडतं, म्हणून ॲल्युमिनियम लहान असूनही ऑक्टाहेड्रलमध्ये. लॅटिस एनर्जीच्या मानाने सीएफएसई चिल्लर आहे. बाकी हिशोब जवळपास बरोबरीत सुटला की ती चिल्लर निकाल फिरवते.

आणि मॅग्नेटाइट इनव्हर्स आहे हे नुसतं कागदावरचं नाही. १९४८ साली लुई नील यांनी फेरिमॅग्नेटिझम मांडला, तो इथे फिट बसतो. टेट्राहेड्रलमधले फेरिक एका दिशेला, ऑक्टाहेड्रलमधले उलट दिशेला, ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं फेरसचं, चार अनपेअर्ड इलेक्ट्रॉन, म्हणजे ४ बोर मॅग्नेटॉन (चुंबकत्व मोजायचं एकक). मोजलेली किंमत ४.१ च्या आसपास. नॉर्मल असतं तर दोन फेरिकचे १० वजा फेरसचे ४, म्हणजे ६ यायला हवे होते. उत्तरात हे लिहिलंस तर तपासणारा खूश होईल.

(सिन्नरची आहेस म्हणजे गारगोटी म्युझियम पाहिलं असशीलच. तिथले झिओलाइट ज्या बसाल्टच्या पोकळ्यांत वाढले, त्याच बसाल्टात मॅग्नेटाइट असतं, टायटॅनियम मिसळलेलं. गोदावरीच्या वाळूत लोहचुंबक फिरवलं की काळे कण चिकटतात, ते बहुतेक तेच.)

अपडाउनवाली

डी-५ कोण ते बघायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं! निकेल फेराइट करून बघितलं: निकेल डी-८, ऑक्टाहेड्रलमध्ये −१.२, टेट्राहेड्रलमध्ये −०.८ डेल्टा-टी म्हणजे −०.३६. फेरिक शून्य. इनव्हर्स ०.८४ ने पुढे. बरोबर ना? पोकळ्या मात्र अजून डोळ्यांसमोर येत नाहीत.

गोदाकाठी

बरोबर. मॅग्नेटिक मोमेंटही काढ, २ यायला हवा.

पोकळ्यांसाठी मेन रोडवरून थर्माकोलचे एकाच मापाचे गोळे आण. तीन गोळे एकमेकांना चिकटवून त्रिकोण कर. खळग्यावर एक गोळा ठेवलास की मधली जागा टेट्राहेड्रल. त्याऐवजी दुसरा त्रिकोण उलटा ठेवलास की ऑक्टाहेड्रल. दोन्हींत आळीपाळीने मोहरी आणि वाटाणा घालून बघ, कुठली मोठी ते हाताला कळेल.

आता कॉपर फेराइट कर. तेही इनव्हर्सच येईल, पण डी-९ आहे, तेव्हा यान-टेलरची (अशा आयनाभोवतीचा ऑक्टाहेड्रन ताणला जातो, याची) ओळ विसरू नकोस. हॉसमनाइटलाही ती लागते, डी-४ मुळे त्याचा स्फटिक क्यूबिक न राहता टेट्रागोनल होतो.