संगीताच्या पदवीला प्रवेश घेताना तुमचं काय झालं होतं?

सांजवात
काल सकाळी कुकर लावला आणि वरच्या मजल्यावरून भूप राग ऐकू आला. वरच्या काकूंच्या मुलीची बारावी झालीय, संगीताच्या पदवीला जायचंय, पुढच्या आठवड्यात गायनाची चाचणी. मोबाइलवर तानपुरा लावून गात होती. गळा सुरेख आहे. पण गाता गाता धैवतावर, म्हणजे ध वर, गेली, तिथेच थांबली, आणि माझ्या पोटात गोळा आला. २००३ साली मीही तिथेच थांबले होते, तीन परीक्षकांसमोर.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा झाल्या होत्या, वही भरून राग होते. त्यांनी भूप सांगितला तेव्हा सोपा आला म्हणून आनंदच झाला. थोड्या वेळाने मधल्या बाई म्हणाल्या, "बाळ, हा भूप की देशकार?" सूर तेच पाच, सा रे ग प ध. भूपाचा जीव गंधारात, म्हणजे ग वर, देशकाराचा धैवतात. लेखी पेपरात मी हे लिहून आले होते. गळ्यात उतरलं नव्हतं. त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. मग वर्षभर गुरुजींनी पहाटे खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) आणि संध्याकाळी फक्त भूप, बाकी वही बंद करून ठेवली. दुसऱ्या वर्षी झालं.

तुमचं कसं झालं होतं? त्या मुलीला वाचायला देणार आहे, तेव्हा मनापासून लिहा.

चंद्रभागा
सकाळची वेळ आणि धैवत, म्हणजे वेळेप्रमाणे पोरगी देशकारच गात होती की! पण ताई, कुकरचं काय झालं?

सांजवात
भात लागला थोडा. खाल्ला तसाच.

ना_धिं_धिं_ना
मी तबल्याचा. कायदे, रेले, तुकडे अशा रचना भरपूर बसवून गेलो होतो. पहिलंच काय विचारावं, तर रूपक ताल हातावर टाळी-खाली (खालीला टाळी न देता हात उघडायचा) दाखवून म्हण, मग दुगुण, म्हणजे दुप्पट लयीत. रूपक ७ मात्रांचा, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, खालीच्या जागी. बाकी तालांत समेवर टाळी द्यायची हाताला सवय. दुगुणीत दुसऱ्या आवर्तनाला हात चुकलाच. परीक्षक शांतपणे म्हणाले, "जे तोंडाने म्हणता येत नाही ते हातात पक्कं नसतं." प्रवेश मिळाला, पण ते वाक्य अजून कानात आहे. आता माझ्याकडे येणाऱ्या मुलांना आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. बसमध्ये म्हणा, अंघोळ करताना म्हणा.

अजून एक. साथ करायला शिका. एकट्याने धडाधड वाजवणारी मुलं पुष्कळ येतात. विलंबित एकतालाचा ठेका न हलवता धरून गाणाऱ्याकडे बघत बसणारं पोर क्वचित सापडतं, आणि परीक्षकांना ते लगेच कळतं.

गव्हला
विषय थोडा वेगळा आहे, चालेल ना? मुलगा अकरावीत आहे, पदवी संगीताचीच करायची म्हणतो. आवाज फुटलाय. क्लासमध्ये अजून मुलींबरोबर काळी चारच्या उंच पट्टीतच गायला लावतात. परवा घरी आला आणि पेटी झाकून ठेवली. दोन दिवस बोलला नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही, काय करू?

पायरीवरचा
काकू, आधी त्याची पट्टी बदलायला सांगा. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. वर्षभर ओढून ओढून वरच्या पट्टीत गायलो आणि घसा बसला तो बसलाच. मग दुसऱ्या गुरुजींनी खालच्या पट्टीत, काळी एकवर आणलं आणि सहा महिने तार, म्हणजे वरच्या सप्तकाकडे फिरकू दिलं नाही. मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकात सावकाश, मऊ आवाजात. आवाज परत येतो, वेगळा येतो, पण येतो. त्याला म्हणावं, हा काळ सगळ्या मुलांवर येतो. हवं तर मला फोन करू दे.

गव्हला
खूप बरं वाटलं दादा. संध्याकाळी दाखवते त्याला.

ओसरी
आमच्याकडे चाचणीपर्यंत वेळच आली नाही. मी फॉर्म आणला, बाबांनी तो घडी करून कपाटात ठेवला. "गाणं घरी गा, पदवी पोटाची घे." बीकॉम केलं, बँकेत लागले. ४१व्या वर्षी विशारद पूर्णच्या परीक्षेला बसले तेव्हा बाबाच तानपुरा घेऊन रिक्षातून आले होते. बाहेर बाकावर बसून राहिले दोन तास. ते गेल्यावर कपाट आवरलं, फॉर्म तसाच होता.

सांजवात
ओसरीताई, काय लिहू कळत नाहीये.

कोकम
मी पणजीचा, आल्तिनोवरच्या संगीत महाविद्यालयातून पदवी केली. तोंडी प्रश्नांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला विचारलं होतं, मालकंसाला तानपुरा कसा लावशील? मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमात. मला आलं, कारण आमच्या घरी तानपुरा रोज माझ्याकडूनच जुळवून घेत. मोबाइलवर बटण दाबणाऱ्या मुलांना हे कुठून कळणार? तुमच्या वरच्या मुलीला एकदा खरा तानपुरा मांडीवर द्या.

आणि नोटेशन! मी भातखंडे पद्धतीत शिकलेलो, अक्षरावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुसकर पद्धतीत वरचं टिंब म्हणजे मंद्र. दुसऱ्या कोणाची वही घेऊन बंदिश बसवत असाल तर आधी विचारून घ्या.

चंद्रभागा
खऱ्या तानपुऱ्यावरून आठवलं, आमचा मिरजेचा आहे, सतारमेकर गल्लीतला. भोपळा पंढरपूरकडचा, असं ते कारागीर काका सांगत होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले. मिरज-पुणे रेल्वेने आणताना माझा भाऊ रात्रभर भोपळ्याला मिठी मारून बसला होता. टीसीनेसुद्धा विचारलं, बाळ झोपलंय का?

ना_धिं_धिं_ना
हा हा, भावाला नमस्कार सांगा. घोडीची जवारी, ती तारांची गुंज, अजून मूळचीच आहे का?

चंद्रभागा
दोनदा घोडी घासून नव्याने काढून घेतली. आता परत बोथट झालीय, दिवाळीनंतर जाणार.

सांजवात
आत्ता वर जाऊन आले. तुमचं सगळं वाचून दाखवलं. माझा तानपुरा खोळीतून काढला, खुंट्या घट्ट झाल्या होत्या, सैल केल्या. तिला जुळवता येत नव्हता, पाऊण तास लागला. मग म्हटलं, राग नको, नुसता गंधार लाव. लावला तिने. तेवढ्यात लाइट गेली, आम्ही तशाच बसून राहिलो. ना_धिं_धिं_ना, तुम्ही पुण्यातच ना? रविवारी तासभर ठेका धरायला याल का तिच्यासाठी?

ना_धिं_धिं_ना
येतो. विलंबितच म्हणावं. पत्ता खाजगीत पाठवा.