लिनिअर ट्रॅकिंग आर्मला मराठीत काय म्हणायचं?

खोबणी: काकांसाठी टिपण लिहायला बसलोय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. त्यांच्या जुन्या टर्नटेबलवर मी लिनिअर ट्रॅकिंग आर्म बसवला. नेहमीचा आर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई धरणारी दांडी, एका टोकाला खिळलेला असतो आणि कंसात फिरतो. हा काचेच्या नळीवर बारक्या बेअरिंगांवरून अख्खाच्या अख्खा कडेकडून मध्याकडे सरकतो. मोटर नाही, रेकॉर्डची खोबणीच त्याला ओढून नेते. मी लिहिलं ‘रेषीय अनुसरण भुजा’. काकांनी कागद परत दिला. म्हणाले, “भुजा मारुतीला असतात. आणि रेषीय म्हणजे ती दहावीतली दोन चलांची समीकरणं ना?”

घाटावरची: ‘सरळमार्गी’ लिहा.

खोबणी: काका विचारतील, मुलगा काय करतो.

शुद्धमती: ‘स्पर्शिकी’ हाच अचूक शब्द. खोबणीला सुईपाशी स्पर्शिका काढली तर सुईची कांडी त्या रेषेत बसली पाहिजे. मास्टर, म्हणजे मूळ तबकडी, कापताना कटर त्रिज्येवरून सरळ आत येतो, म्हणून वाजवतानाही तसंच यायचं. खिळलेल्या आर्मचं हे एका बाजूत दोनच ठिकाणी जुळतं. आर्म लावायच्या बेअरवाल्डच्या गणिती हिशोबाने लावला तर मध्यापासून 66 आणि 121 मिमीवर. इतरत्र थोडाफार तिरपेपणा राहतोच.

लेथवाला: ताई, रेषीय वेगळं आणि स्पर्शिकी वेगळं. सरळ चालतो म्हणजे बरोबर चालतो असं नाही (माणसांतही). सुईची वाट स्पिंडलच्या (रेकॉर्डच्या भोकातल्या खुंटीच्या) मध्यापासून 1 मिमी हुकली तरी आर्म नाकासमोरच जाणार. पण शेवटच्या गाण्याला, म्हणजे 60 मिमीच्या त्रिज्येवर, जवळजवळ 1 अंशाची चूक झालेली असते. बाहेरच्या कडेला तीच चूक अर्ध्या अंशाच्या आत, म्हणून पहिलं गाणं छान वाटतं. लेथवर फेसिंग करताना, म्हणजे फिरत्या जॉबचं तोंड सपाट कापताना, टूल सेंटरला नसलं की जॉबच्या मधोमध बारीक गाठ उरते, तीच गत. आम्ही ‘सेंटरला लावणे’ म्हणायचो. निम्मं इंग्रजी आहे, पण चाळीस वर्षांत कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

खोबणी: अगदी हेच झालं होतं! बाजू संपत आली की गाणारीचा ‘स’ फुटायचा. मग एका कागदाला स्पिंडलपुरतं भोक पाडलं, भोकाच्या मध्यातून कडेपर्यंत रेघ मारली आणि आर्म हाताने सरकवत सुई रेघेवर राहते का ते पाहिलं. दीड मिमी बाहेर! नळीच्या खांबाची भोकं कानशीने लांबट केली आणि खांब मागे घेतला. नंतर नळी पाणसळीत आणायला अख्खी दुपार गेली. जराही उतार राहिला तर आर्म आपणहून घरंगळतो.

घाटावरची: पाणसळ! किती वर्षांनी वाचला हा शब्द. आमचे गवंडी आता ‘लेव्हल’ म्हणतात.

खोबणी: टिपणात पाणसळच आहे, काका खूश आहेत. आता काउंटरवेट. तूर्त ‘मागचं वजन’ लिहिलंय.

घाटावरची: पासंग म्हणा की! तराजूच्या दांडीचा शब्द आहे, इथेही दांडीच आहे.

शुद्धमती: पासंग फारसी. त्यातला ‘संग’ म्हणजे दगड, संगमरवरातला तोच. मराठीच हवा असेल तर ‘प्रतिभार’.

घाटावरची: मग ‘तबकडी’ही टाका, तबक अरबी आहे. बसा ध्वनिमुद्रिका वाजवत.

लेथवाला: आमचे मास्तर सांगायचे, पास अधिक अंग, अंगाजवळचं ते पासंग.

शुद्धमती: ही व्युत्पत्ती मास्तरांनी लेथवरच काढलेली दिसते.

लेथवाला: मास्तरांवर जाऊ नका.

शुद्धमती: बरं, राहिलं. पण अर्थाचं काय? पासंग म्हणजे हलक्या पारड्यात टाकायचा बारकासा तुकडा. म्हणून तर ‘पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो. हा मागे चांगला लोखंडाचा गोळा आहे.

खोबणी: गोळा होता. आता बारका तुकडाच आहे. खिळलेल्या आर्मला जड वजन खिळीच्या जवळ लावलेलं बरं म्हणतात. इथे उलट. आडवा सरकताना अख्खा आर्म वजनासकट हलतो, त्यामुळे वजन मागे किती लांब आहे याने आडव्या हालचालीत फरक पडत नाही, किती ग्रॅम आहे याने पडतो. मी हलकं वजन घेऊन लांब नेलं. काकांच्या एका तबकडीचं भोक मधोमध नाही, 33⅓ च्या वेगाला आर्म दर 1.8 सेकंदाला एक येरझार घालतो. गोळा होता तेव्हा सुईची कांडी डोळ्यांना दिसेल इतकी वाकायची. आता बरंच कमी झालंय. शेवटचा पाव ग्रॅम जुळवायला सोल्डरच्या तारेचा तुकडा चिकटवलाय.

घाटावरची: तो तुकडा म्हणजे अस्सल पासंग! आमच्या बाजारात भाजीवाले वजनाच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवायचे, तसा.

लेथवाला: वजनाच्या नाही, मालाच्या. वजनाच्या पारड्याला लावला तर गिऱ्हाइकाला जास्त भाजी जाईल.

घाटावरची: मला वजनाच्याच आठवतोय. थांबा, आजीला विचारते. ती स्वतः बाजारात बसायची.