मदत हवी आहे: जिल्ह्याच्या निवडणूक नकाशात बेळगाव शहरच दिसेना

शहापूरची:
निवडणुकीवरचं इन्फोग्राफिक करतेय. जवळजवळ झालंय, पण ज्याला दाखवावं तो भलतंच वाचतो. मैत्रीण म्हणाली, "खानापूरला मतदार लय आहेत वाटतं." एकाने मोजून सांगितलं, मतदारसंघ सोळाच आहेत, दोन कुठं गेले? भाऊ विचारतो, शहर कुठाय? सगळं आहे वो त्यात! रंग बरोबर, नावं बरोबर. काय करू लवकर सांगा, फ्लेक्सला द्यायचंय. "छान झालंय" एवढंच लिहायला येऊ नका.

कॅम्पकर:
चित्र कुठाय?

टिळकवाडी_ग्राफिक्स:
कुठली निवडणूक? विधानसभा, लोकसभा, महापालिका? साइज किती, कशात केलंय, लावणार कुठं? काही न सांगता "काय करू" म्हटलं तर आम्ही कुंडली मांडून सांगायचं काय?

शहापूरची:
चित्र चढेना, फाइल मोठी आहे म्हणतंय. 2023 ची विधानसभा, आणखी कुठली! मध्ये जिल्ह्याचा नकाशा, त्यात 18 मतदारसंघ. काँग्रेसचे 11 आकाशी, भाजपचे 7 केशरी. नावं मराठीत आणि कन्नडमध्ये. खाली राज्याचे आकडे: काँग्रेस 135, भाजप 66, जेडीएस 19, इतर 4. कॉलेजात 25 जानेवारीला मतदार दिनाला लावायचंय.

नवमतदार_मदत:
ज्यांना 18 पूर्ण झाली त्यांनी मतदार यादीत नाव घालायला फॉर्म 6 भरावा. 18 मोजायला आता वर्षातून चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. ऑनलाइन भरता येतो. आधारचा नंबर नसला तरी नाव लागतं.

कॅम्पकर:
दादा, ती नाव नोंदवायला आलेली नाही.

हिंडलग्याचा_मास्तर:
चित्र न बघताही दुखणं कळलं. नकाशात जमीन दिसते, आमदार दिसत नाहीत. खानापूर तालुका म्हणजे भीमगडचं जंगल, घाट, चार घरांच्या वाड्या. पसरलेला तुकडा एवढा मोठा की डोळा आधी तिकडंच जातो. बेळगाव उत्तर आणि दक्षिण मात्र तिळाएवढे, त्यावर नाव लिहिलं की रंग झाकला जातो. सोळा मोजणाऱ्याचं काय चुकलं? आमदार मात्र खानापूरचाही एक आणि उत्तरचाही एक. नकाशा सोडा. अठरा सारखे चौकोन काढा, साधारण आपापल्या जागी. वरच्या ओळीत निपाणी, चिक्कोडी-सदलगा, कागवाड, अथणी. त्याखाली हुक्केरी, रायबाग, कुडची. मग यमकनमर्डी, गोकाक, अरभावी. खाली डाव्या अंगाला बेळगावचे तिन्ही, उजवीकडे बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग. तळाला खानापूर आणि कित्तूर. अकरा आणि सात आपोआप दिसतात.

टिळकवाडी_ग्राफिक्स:
मास्तर, हे पुण्या-मुंबईच्या वेबसाइटवर शोभतं. इथं माणूस फ्लेक्ससमोर उभा राहिला की आधी आपलं गाव शोधतो. चौकोनात त्याला गाव सापडणार काय? नकाशा ठेवा, बाजूला वर्तुळ काढून शहर मोठं करून दाखवा, एक बाण मारा, झालं. पेपरवाले वर्षानुवर्षं तेच करतात.

हिंडलग्याचा_मास्तर:
वर्तुळाने शहर दिसेल, खानापूर लहान होईल काय? मैत्रिणीचा प्रश्न तसाच राहतो. आणि चौकोनात गाव नाही, मतदारसंघ शोधायचा असतो. आपला मतदारसंघ कुठला एवढं पोराला माहीत नसेल तर मतदार दिन कशाला करायचा?

टिळकवाडी_ग्राफिक्स:
मतदार दिन त्याच पोरासाठी आहे की वो!

अनगोळचे_काका:
उचगाव कुठाय यात? आम्ही तर उचगाव मतदारसंघात मत घालत होतो. बागेवाडी होता, संकेश्वर होता, परसगड होता. पोरीने सगळे गाळले.

हिंडलग्याचा_मास्तर:
काका, ते 2008 च्या फेररचनेत गेले. नव्या हद्दीवर पहिली विधानसभा कर्नाटकातच झाली, त्याच वर्षी मे महिन्यात. उचगाव आता बेळगाव ग्रामीणमध्ये. यावरनं आठवलं, शहापूरची, नकाशाची फाइल कुठून घेतलीस? नेटवर जुन्या हद्दींचेही पडलेत.

शहापूरची:
नवीच आहे. यमकनमर्डी आणि कुडची हे नवे मतदारसंघ आहेत त्यात, तेव्हाच बघितलं होतं.

अनगोळचे_काका:
हद्दीचं जाऊदे. निवडणुकीचं चित्र काढायचं तर 1996 चं काढ की! बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नासाठी, ते इथं कुणाला सांगायला नको. त्याच वर्षी लोकसभेचं डिपॉझिट 500 वरनं थेट 10,000 केलं. आजच्या मशीनच्या एका युनिटवर 'यापैकी कुणी नाही' हा नोटा धरून 16 नावं बसतात. लाव हिशोब, किती मशीनं ओळीनं मांडावी लागली असती. हे बघायला गर्दी होईल, तुझ्या आकाशी-केशरीला कोण विचारतंय?

कॅम्पकर:
29 मशीनं काका. बूथमध्ये मतदार मावणार नाही.

निपाणीची_सून:
456 चौकोनांचा एक फ्लेक्स खरंच भारी होईल. पण तो वेगळा करा, यात घुसडू नका. हिचं आधीच गच्च भरलंय. राज्याचे आकडे खाली कशाला? जिल्ह्याचं बघता बघता माणूस 135 वाचतो आणि तेही जिल्ह्याचेच समजतो.

शहापूरची:
राज्याचे हवेत. सरांनी सांगितलंय.

निपाणीची_सून:
मग एका ओळीत, पट्टी करून. 224 पैकी, असं आधी लिही.

कोर्टकचेरी:
पक्षांचे रंग लावून कॉलेजात फ्लेक्स? आचारसंहिता आहे, परवानगी काढा.

कॅम्पकर:
आचारसंहिता निवडणूक जाहीर झाल्यावर लागते साहेब. आत्ता कुठली जाहीर झालीय? तरी पक्षांची चिन्हं टाकू नकोस, नाव पुरे. कॉलेजात उगीच एकाला हात दिसतो, दुसऱ्याला कमळ, मग खाली आकडा काय आहे ते कुणी वाचत नाही.

खानापूरकर:
सगळे खानापूरला जंगल म्हणून मोकळे झाले. मोठी चूक वेगळीच आहे, कुणी बोलेना. वर शीर्षक काय दिलंस? "बेळगावचा कौल" असं असेल तर बघणारा बेळगाव लोकसभा समजणार. जिल्ह्यातल्या 18 पैकी बेळगाव लोकसभेत आठच. आठ चिक्कोडीत. आम्ही खानापूरवाले आणि कित्तूरवाले उत्तर कन्नडमध्ये, आमचा खासदार कारवारच्या बाजूचा. आमच्यातल्याच किती जणांना हे मतदानाच्या दिवशी कळतं. हे दाखवलंस तर फ्लेक्सचा उपयोग आहे.

शहापूरची:
शीर्षक तेच आहे. 😐 लोकसभा कशी दाखवू पण? रंग पक्षांना वापरले.

निपाणीची_सून:
रंगाला हात लावू नकोस. चौकोनांच्या गटांना जाड रेघ मार. निपाणी, चिक्कोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी, यमकनमर्डी यांच्याभोवती एक. खानापूर-कित्तूरभोवती दुसरी. उरलेले आठ बेळगाव. मास्तरांनी सांगितलेल्या ओळींत हे गट शेजारी शेजारीच येतात, यमकनमर्डीची रेघ तेवढी थोडी वळवावी लागेल.

टिळकवाडी_ग्राफिक्स:
बरं, चौकोन घ्या. पण कोपऱ्यात छोटा खरा नकाशा ठेवाच, बिनरंगाचा, नुसत्या हद्दी आणि नंबर. तेच नंबर चौकोनांवर. गाव शोधणाऱ्याला नकाशा, मोजणाऱ्याला चौकोन.

हिंडलग्याचा_मास्तर:
हे मी नाही म्हणणार नाही. नंबर मात्र निवडणूक आयोगाचेच टाक, मनाने 1 ते 18 दिलेस तर मतदार यादीशी जुळणार नाहीत. राखीव तीन आहेत त्यांवर लहान खूण कर: कुडची, रायबाग अनुसूचित जाती, यमकनमर्डी अनुसूचित जमाती.

निपाणीची_सून:
आणखी खुणा? आताच कमी करायला सांगितलं ना!

हिंडलग्याचा_मास्तर:
एक टिंब हो.

गणपत_गल्ली_फ्लेक्स:
फ्लेक्स छापणारा बोलतोय. तुमचे चौकोन-वर्तुळ काय ते करा, पण फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या. मराठी एका फॉन्टात, कन्नड नुडी फॉन्टात, आमच्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की जोडाक्षरं फुटतात आणि गिऱ्हाईक आमच्या नावानं बोंब मारतं. कर्व्ह करायच्या आधी एक कॉपी ठेवा, नंतर स्पेलिंग बदलता येत नाही. आकाशी रंग स्क्रीनवर दिसतो तसा छापून येत नाही, फिका पडतो, थोडा गडद धरा. आणि साइज अजून कुणाला सांगितलेली नाही या बाईंनी.

शहापूरची:
सहा बाय चार, हॉलमध्ये. चौकोन मांडून बघितले. भावाला दाखवलं, त्याने न विचारता 11 आणि 7 मोजले. पण आता विचारतो, बेळगावचे तीन चौकोन तीन ठिकाणी का? ग्रामीण शहराच्या दोन्ही बाजूंना आहे ना, मग तो उत्तरच्या डावीकडे ठेवू की दक्षिणच्या उजवीकडे?

हिंडलग्याचा_मास्तर:
डावीकडे. उचगाव तिकडं आहे.

खानापूरकर:
उजवीकडे ठेवा, ग्रामीणमधली तिकडची हिरेबागेवाडी कुठं गेली मग?

अनगोळचे_काका:
मी तेच विचारत होतो की!