लॅपटॉप कायम चार्जरवर: बॅटरी जपली जाते की मरते?

अणुरेणू

परवा लॅपटॉपचा टचपॅड क्लिक होईना. आधी वाटलं, कचरा अडकला असेल. मग लक्षात आलं की टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुगडुगतोय, आणि झाकण मिटलं तरी पुढच्या बाजूला नख जाईल एवढी फट राहतेय. बंद करून मागचे स्क्रू काढले. आत बॅटरी उशीसारखी फुगली होती आणि तिनेच खालून टचपॅड वर ढकलला होता.

काही दिवस आधी सहज म्हणून बॅटरी रिपोर्ट काढून ठेवला होता. (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं लिहिलं की तो मिळतो.) त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५७,००० मिलिवॉट-तास होती आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची) ३५,०००. सायकल, म्हणजे चार्ज-डिस्चार्जच्या पूर्ण फेऱ्या, किती? तीन वर्षांत फक्त ४१!

तो ४१ चा आकडा मला फार लागला. लॅपटॉप टेबलावरून हलत नव्हता, चार्जर कधी निघत नव्हता, बॅटरी सदानकदा १०० टक्के. मी समजत होतो की वापरत नाही म्हणजे जपतोय. न वापरताच ती गेली.

म्हणून आता माझं ठाम मत झालंय: चार्जर खुशाल लावून ठेवा, पण बॅटरी ८० टक्क्यांच्या वर चढू देऊ नका. आजकाल बहुतेक कंपन्या ही मर्यादा घालायची सोय देतात. लेनोवोत कन्झर्व्हेशन मोड असतो, आसूसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायोसमध्येच (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगांत) पर्याय असतो. विकत घेतल्या दिवशी हे करायला हवं होतं. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, फक्त आपल्या रिपोर्टचे आकडे द्या.

रानवाट

मला पटलं नाही. माझा लॅपटॉप साडेतीन वर्षांचा आहे. रोज सकाळी चार्जर काढते, २०-२५ टक्क्यांवर आला की लावते, भरला की परत काढते. तुमचा धागा वाचून रिपोर्ट काढला: ६१२ सायकल, आणि कपॅसिटी मूळच्या ७९ टक्के. तुमची ४१ सायकलमध्ये ६१ टक्क्यांवर आली. मग खरं काय ते उघड आहे. बॅटरी वापरली पाहिजे, नाहीतर ती गंजते. त्या ८० टक्क्यांच्या सेटिंगपेक्षा चार्जर काढायची सवय लावा.

तिरकीरेघ

दोघेही उगाच जिवाला त्रास करून घेताय. बॅटरी भरली की चार्जिंग सर्किट तिला तोडतं आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. बॅटरी थोडी उतरली, म्हणजे साधारण ९५ च्या आसपास आली, की मगच पुन्हा भरते. ओव्हरचार्जिंगची भीती त्या सर्किटने कधीच संपवली आहे. एखाद्याची बॅटरी फुगली म्हणून सगळ्यांनी सेटिंगं बदलत बसायचं कारण नाही, ती बॅटरी मुळातच सदोष असू शकते. बॅटरी झिजणारी वस्तू आहे, टायरसारखी. झिजली की बदलायची.

अणुरेणू

तिरकीरेघ, ओव्हरचार्ज होतं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. सर्किट तोडतं हे बरोबर आहे. पण तोडल्यावर बॅटरी असते कुठल्या अवस्थेत? तुडुंब भरलेल्या. आणि तीन वर्षं त्याच अवस्थेत बसून राहते, वर प्रोसेसरची ऊब खात. माझा आक्षेप त्या बसून राहण्याला आहे.

मध्यमा

मी या क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय.

लिथियम-आयन बॅटरीचं वय दोन तऱ्हांनी वाढतं. एक, चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी. दुसरं, नुसता काळ गेल्याने. रिपोर्टमधली सायकल पहिलंच मोजते, दुसऱ्याला मोजणारा काटाच तिथे नाही. म्हणून ४१ हा आकडा पाहून अणुरेणूंची फसगत झाली.

काळाने वय वाढतं म्हणजे आत काय होतं? पूर्ण भरलेल्या सेलचा विद्युतदाब (व्होल्टेज) साधारण ४.२ व्होल्ट असतो, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा जास्त. तेव्हा ग्राफाइटच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, बाजूला लिथियम ठासून भरलेलं असतं. तिथे इलेक्ट्रोलाइट (दोन टोकांमधला द्रव) हळूहळू विघटित होतो आणि ग्राफाइटवरचा पातळ थर जाड होत जातो. त्या थरात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, तीच तुमची घटलेली कपॅसिटी. दुसऱ्या टोकाला, जास्त व्होल्टेजमुळे इलेक्ट्रोलाइटचं ऑक्सिडेशन होतं आणि वायू तयार होतो. लॅपटॉपमधल्या पिशवीसारख्या पाऊच सेलला धातूचं कडक कवच नसतं, त्यामुळे तो वायू पिशवी फुगवतो. या दोन्ही क्रिया उष्णतेने कितीतरी पट वेगाने होतात.

बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर एक तक्ता आहे, तो बोलका आहे. २५ अंश सेल्सियसला वर्षभर ठेवलेली बॅटरी ४० टक्के भरलेली असेल तर ९६ टक्के कपॅसिटी उरते, १०० टक्के भरलेली असेल तर ८०. ४० अंशांना तेच आकडे ८५ आणि ६५ होतात. मांडीवर किंवा गादीवर चालणाऱ्या लॅपटॉपची बॅटरी ४० अंशांना सहज पोचते.

रानवाट, तुमची बॅटरी वापरल्यामुळे टिकली असं नाही. ती दिवसातला बराच वेळ १०० च्या खाली होती आणि बहुधा थंड होती, म्हणून टिकली. गंजणं वगैरे काही नसतं. ६१२ फेऱ्यांनी तिची झीज केलीच आहे. तोच लॅपटॉप चार्जरवर ठेवून ६०-८० च्या मध्ये रोखला असता तर याहून बरा आकडा दिसला असता.

तिरकीरेघ

मध्यमा, माहितीबद्दल मनापासून आभार, पण दोन हरकती आहेत.

पहिली, तो तक्ता साठवणुकीचा आहे. चालू लॅपटॉपला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. टेबलावरच्या, हवा खेळत्या ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी दिवसभर ४० अंशांना नसते.

दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. ८० वर रोखायचं म्हणजे काय? तर बॅटरी म्हातारी होऊन तिची २० टक्के ताकद जाईल या भीतीने ती २० टक्के ताकद आजच, पहिल्याच दिवशी, आपण होऊन सोडून द्यायची. ५७ वॉट-तासांपैकी ११ हून जास्त वॉट-तास तुम्ही कधी वापरणारच नाही. ज्या नुकसानीपासून पळताय तेच नुकसान तुम्ही नव्या बॅटरीवर लादून घेताय. माझं काम फिरतीचं आहे. मला दुपारी तीन वाजता ते ११ वॉट-तास हवे असतात, चार वर्षांनी नकोत.

अणुरेणू

हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण यात एक फरक आहे. सेटिंगने सोडलेले २० टक्के एका क्लिकवर परत मिळतात. बाहेर जायच्या आदल्या रात्री मर्यादा काढली की सकाळी पूर्ण १००. झिजून गेलेले २० टक्के कुठल्याही क्लिकने येत नाहीत. आणि तुम्ही रोज फिरतीवर असाल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाहीच. ज्यांचा लॅपटॉप महिनोन्महिने टेबल सोडत नाही त्यांच्यासाठी मी लिहितोय.

तिरकीरेघ

आदल्या रात्री आठवण झाली तर! अचानक बोलावणं येतं तेव्हा कोणाला सेटिंग आठवतं? माझ्या सहकाऱ्याच्या बाबतीत हेच झालं. सादरीकरणाच्या मध्यावर लॅपटॉप बंद पडला, आणि मग आठवलं की चार महिन्यांपूर्वी ६० टक्क्यांची मर्यादा घातली होती. माणसाने यंत्राच्या तब्येतीची एवढी काळजी घ्यायची की यंत्राने माणसाचं काम करायचं?

पानगळ

माझा जुना लॅपटॉप आहे, बॅटरी काढता येणारा. मी बॅटरी ५० टक्क्यांवर काढून कपाटात ठेवते आणि नुसत्या चार्जरवर काम करते. प्रश्नच मिटला.

निळीशाई

पानगळ, बॅटरीपुरता मिटला, तुमच्या कामापुरता नाही. वीज क्षणभर गेली किंवा पायात वायर अडकून पिन निसटली की लॅपटॉप तत्काळ बंद, आणि त्या वेळी डिस्कवर लिहिणं चालू असेल तर फाइल खराब. शिवाय काही मॉडेलं बॅटरी नसेल तर प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करतात. जोराचं काम आलं की ती अडॅप्टरच्या जोडीला बॅटरीकडूनही वीज घेतात, बॅटरी नसली की तो आधार जातो.

यावरून आठवलं, इथे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपल्या लॅपटॉपला किती वॉटचा अडॅप्टर लागतो ते तपासा. माझा १०० वॉट मागणारा आहे, आणि मी सोय म्हणून ४५ वॉटचा टाइप-सी चार्जर वापरत होतो. व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की चार्जर लावलेला असूनही टक्के खाली यायचे, काम थांबलं की परत चढायचे. दिवसातून दहा वेळा हे चालायचं. पडद्यावर चार्जिंगचं चिन्ह दिसत होतं म्हणून मी निर्धास्त. सहा महिन्यांत १८० सायकल झाल्या तेव्हा डोळे उघडले.

रानवाट

मध्यमा, तुमचं स्पष्टीकरण दोनदा वाचलं. पण मग महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण संपवून पूर्ण भरावी असं सगळीकडे सांगतात, त्याचं काय? मी ते इमानेइतबारे करत आले आहे.

मध्यमा

तो नियम निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्यांना अर्धवट वापरलं की त्या तेवढ्यावरच अडून बसायच्या, म्हणून पूर्ण रिकामी करावी लागे. लिथियम-आयन १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली, तिला हा दोष असा नाही, पण सल्ला मात्र तसाच चालत आला. उलट लिथियम-आयनला पूर्ण रिकामं होणं मानवत नाही. ८० वरून ५० वर येणाऱ्या लहान फेऱ्या तिला खूप कमी जड जातात.

पूर्ण फेरीचा एकच उपयोग उरतो. लॅपटॉपमधली मोजणारी चिप आत-बाहेर जाणारा विद्युतप्रवाह मोजून टक्के दाखवते, आणि तिचा हिशोब हळूहळू चुकत जातो. ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल तर एक पूर्ण फेरी करा, हिशोब जुळेल. बॅटरी त्याने सुधारत नाही, फक्त आकडा खरा होतो. दर महिन्याला करायची गरज नाही.

आणि तिरकीरेघ, विसरण्याचा मुद्दा खरा आहे. त्यावरही काम झालंय. मॅकबुकमध्ये २०२० पासून मॅकओएस बॅटरीचं तापमान आणि चार्जिंगची सवय पाहून कमाल चार्ज आपोआप खाली आणतं. लिनक्सवर चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड नावाची फाइल असते, ज्या मॉडेलांत ती आहे तिथे ८० लिहिलं की झालं. तरी तुमच्यासारख्या फिरतीच्या माणसाने १०० भरून निघावं, त्यात काहीच गैर नाही. फक्त भरलेला लॅपटॉप तापलेल्या गाडीत ठेवू नका.

तिरकीरेघ

गाडीचं पटलं. बाकी माझं मत तेच आहे. घरात पाच जण लॅपटॉप वापरतात, त्यातल्या वयस्कर माणसाला मी बायोसमध्ये जा असं सांगणार नाही. ही मर्यादा कारखान्यातूनच घालून द्यायला हवी, आणि पूर्ण भरायचं बटण पडद्यावर समोर हवं. ते होत नाही तोवर वापरणाऱ्यावर ओझं टाकू नका.

अणुरेणू

कारखान्यातूनच हवी, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण ते होईपर्यंत घरातल्या त्या माणसाच्या लॅपटॉपचं सेटिंग तुम्हीच एकदा करून द्या ना. पाच मिनिटांचं काम आहे.

रानवाट

अणुरेणू, ती फुगलेली बॅटरी आता कुठे आहे? मला तुमचा धागा वाचल्यापासून तीच चिंता लागली आहे.

अणुरेणू

लॅपटॉपमधून काढली, टोकांवर चिकटपट्टी लावली आणि धातूच्या डब्यात, फरशीवर, कागद-कपड्यांपासून लांब ठेवली आहे. टोचली किंवा दाबली तर पेट घेऊ शकते, म्हणून हात लावत नाही. कचऱ्याच्या पेटीत टाकायची नाही एवढं नक्की. उद्या ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात स्वतः नेऊन देतो आहे.