मदत हवी आहे: मुलाखतींना कोड (बोलण्यातल्या तुकड्यांना आशयावरून दिलेली छोटी नावं) कोणत्या भाषेत लावू?

नमस्कार मंडळी. मुलांच्या शाळेचं माध्यम कसं ठरवलं, यावर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या १४ पालकांच्या मुलाखती पीएचडीसाठी घेतल्यात. मुलाखतींमधले समान विषय शोधायची ब्राउन आणि क्लार्क या संशोधकांची २००६ ची सहा टप्प्यांची पद्धत (थिमॅटिक अ‍ॅनालिसिस) वापरतेय. गाईड म्हणतात, आधी सगळं इंग्रजीत आणा, मग कोड लावा. पण ‘कन्नड नाही आलं तर पोर अडतंय’ यातलं ‘अडतंय’ इंग्रजीत नेलं की आईची घालमेलच निघून जाते. माझ्या मते कोड मूळ बोलण्यावरच लावावेत, भाषांतर फक्त प्रबंधातल्या उताऱ्यांचं. मराठी-कन्नड मिश्र मुलाखतींवर कुणी असं केलंय का?

शिवाय भाषांतर दुसऱ्याकडून तपासायचंय, पण संमतीपत्रात तसा उल्लेख नाही. पालकांकडे पुन्हा जाऊ का? लहान गावात नाव बदललं तरी बोलण्यावरून माणूस ओळखू येतो.